घड्याळ कोणत्या दिवशी सुरू करायचे?

शालेय रोबोटिक्स स्पर्धांच्या नियमपुस्तिकेत यंत्राची लांबी-रुंदी किती असावी, वजन किती असावे, बॅटरी किती व्होल्टची चालेल, यावर पानेच्या पाने खर्ची पडतात आणि ते योग्यच आहे, कारण मोजपट्टी आणि वजनकाटा सर्वांना सारखाच लागू पडतो. यंत्र किती दिवसांत तयार करायचे याविषयी मात्र त्याच पुस्तिकेत एखादीच ओळ असते. अमुक तारखेला विषय जाहीर होईल, तमुक तारखेला काम थांबवायचे, एवढेच. तारखा सर्वांना सारख्या, म्हणून संधीही सर्वांना सारखी, असे आपण धरून चालतो. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी विज्ञान शिकवते आणि शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांबरोबर अशी यंत्रे जुळवते. ते करताना माझे एक मत हळूहळू पक्के होत गेले. कालमर्यादा असावी, ती हवीच. पण तिचे घड्याळ विषय जाहीर झाल्याच्या दिवशी सुरू न करता साहित्य मुलांच्या हातात पडल्याच्या दिवशी सुरू केले पाहिजे.

या प्रश्नावर सर्वात उघडपणे खल झाला तो अमेरिकेतल्या फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या स्पर्धेत. डीन केमेन या संशोधकाने १९८९ मध्ये फर्स्ट ही संस्था काढली आणि १९९२ मध्ये तिची पहिली स्पर्धा झाली. हायस्कूलच्या मुलांनी उद्योगातल्या अनुभवी अभियंत्यांच्या सोबतीने काम करायचे आणि पन्नास किलोच्या घरातले, मैदानावर धावणारे यंत्र उभे करायचे, अशी तिची रचना. जानेवारीच्या सुरुवातीच्या एका शनिवारी त्या वर्षीचा खेळ, म्हणजे यंत्राने मैदानावर काय करायचे ते, जाहीर व्हायचा आणि साधारण सहा आठवड्यांनी, फेब्रुवारीत, काम थांबवावे लागायचे. पूर्वी यंत्र लाकडी पेटाऱ्यात बंद करून स्पर्धेच्या ठिकाणी रवाना करत. पुढे ते मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचे, पिशवीच्या तोंडाला क्रमांक असलेले सील लावायचे आणि त्या क्रमांकापुढे कागदावर जबाबदार प्रौढाची सही घ्यायची, अशी पद्धत आली. पिशवी स्वतःच्याच शाळेत ठेवायची. कोणी तपासायला येत नसे. हजारो मुलांच्या सचोटीवर हा नियम चालत होता, याचे मला आजही कौतुक वाटते.

नियम कडक होता, पण पळवाट नियमातच होती. पिशवीबाहेर ठरावीक वजनाचे भाग ठेवून ते सुधारत राहण्याची मुभा असे. शेवटच्या काही वर्षांत ही मर्यादा तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास होती. त्याहून मोठी गोष्ट अशी की, हुबेहूब तसेच दुसरे यंत्र बनवायला कोणाचीच मनाई नव्हती. ज्या संघाकडे पैसा, जागा आणि मनुष्यबळ होते, तो पहिल्या यंत्राबरोबरच त्याचे जुळे भावंड तयार करी. सील लागल्यावर पहिले पिशवीत झोपलेले असे आणि दुसऱ्यावर मुले रोज सराव करत, चुका शोधत, प्रोग्रॅम सुधारत. स्पर्धेच्या ठिकाणी पोहोचल्यावर सुधारलेले भाग आणि प्रोग्रॅम पहिल्या यंत्रावर चढवले की झाले. ज्या संघाला जेमतेम एकच यंत्र परवडत होते, त्याचे काम सील लागल्याबरोबर खरोखर थांबे. म्हणजे सहा आठवड्यांची मर्यादा प्रत्यक्षात पाळावी लागे ती गरीब संघालाच.

अखेर ही मर्यादा उठवण्याचा निर्णय २०१८ मध्ये जाहीर झाला आणि २०२० च्या हंगामापासून तो अमलात आला. तेव्हा विरोध करणारेही पुष्कळ होते आणि त्यांचे म्हणणे मला वरवरचे वाटत नाही. मार्गदर्शन करणारे अभियंते आणि शिक्षक हे स्वयंसेवक. त्यांना घरदार आहे, नोकरी आहे. सहा आठवडे जिवाचे रान करता येते, कारण सातव्या आठवड्यात विसावा आहे हे ठाऊक असते. तो विसावाच काढून घेतला, तर माणसे थकतील आणि मुलांचा अभ्यासही बुडेल, अशी त्यांची भीती होती. तरीही निर्णय बरोबर होता असे मी म्हणेन. जो नियम दुबळ्याला बांधतो आणि सबळाला वाट काढून देतो, तो समतेच्या नावाने टिकवून ठेवण्यात अर्थ नाही.

पण मर्यादा उठवली म्हणजे न्याय झाला, असेही नाही. मुदत मोकळी सोडली की ज्यांची कार्यशाळा रात्री उशिरापर्यंत उघडी असते, ज्यांच्या दाराशी गाडी उभी असते, ज्यांचा बिघडलेला भाग दुसऱ्या दिवशी बदलून मिळतो, त्यांच्या वाट्याला मोकळ्या मुदतीतला प्रत्येक दिवस पुरेपूर येतो. बाकीच्यांच्या दिनदर्शिकेवर तेवढेच दिवस दिसतात, पण कामाचे तास फार थोडे निघतात. आमच्या खानदेशात कापूस लावणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. ज्याच्या विहिरीला पाणी आहे आणि शेतात ठिबक आहे, तो मे महिन्याच्या उन्हातच कापूस लावून मोकळा होतो. कोरडवाहूवाला मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसतो. दोघांचे पंचांग एकच असते, पण दोघांचा हंगाम एक नसतो.

आमच्याकडे विद्यार्थ्याच्या हातात प्रत्यक्ष किती वेळ पडतो, हे जरा जवळून पाहावे लागेल. शाळेत प्रयोगशाळा आहे. केंद्राच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून शाळांमध्ये टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः जोडून-मोडून पाहण्याच्या प्रयोगशाळा, उभ्या करायला सुरुवात केली आणि त्यासाठी निवडलेल्या शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले. त्यामुळे सोल्डरिंग, सेन्सर, थ्रीडी प्रिंटर हे शब्द तालुक्याच्या मुलांच्या तोंडी आले, हा बदल लहान नाही. पण प्रयोगशाळा असणे वेगळे आणि ती उघडी असणे वेगळे. किल्ली ज्या शिक्षकाकडे, त्यालाच तासिका, परीक्षा, निवडणुकीची कामे, पोषण आहाराच्या नोंदी हे सगळे असते. शाळा सुटल्यावर थांबावे, तर निम्मी मुले आसपासच्या खेड्यांतून एसटीने येणारी. शेवटची गाडी चुकली की त्यांनी घरी जायचे कसे? दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू झाली की, ज्या घरात मजूर लावणे परवडत नाही, तिथली मुले सुटीच्या दिवशी शेतात असतात, आणि तेच दिवस प्रयोगशाळेत निवांत बसण्याचे असतात. वर्षअखेर उलटली की दहावीच्या मुलांना सराव परीक्षा. २०२५ मध्ये तर बोर्डाची लेखी परीक्षाच २१ फेब्रुवारीला सुरू झाली. अमेरिकेतले ते जानेवारी-फेब्रुवारीचे सहा आठवडे जसेच्या तसे इथे आणले असते, तर आमच्या दहावीच्या एकाही मुलाला स्क्रूड्रायव्हर हातात धरता आला नसता.

या सगळ्यावर ताण करतो तो सुट्या भागांचा पुरवठा. मोटर ड्रायव्हर म्हणजे मोटरला हवी तेवढी वीज पोहोचवणारी, तळहातावर मावेल एवढी पट्टी, किंमत दोन-तीनशे रुपयांच्या आत. धन-ऋण तारा उलट्या लागल्या की ती जळते आणि शिकणाऱ्या मुलांकडून तारा उलट्या लागणारच. त्यातूनच ती शिकतात. मोठ्या शहरातला मुलगा संध्याकाळी बाजारात जाऊन नवी घेऊन येतो. आमच्याकडे कोणी जळगावला जाणारे असेल तर त्याला चिठ्ठी द्यायची, तिथल्या दुकानात नसेल तर पुण्या-मुंबईहून मागवायची आणि कुरिअरची वाट पाहायची. पट्टी येईपर्यंत आठवडा गेलेला असतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आश्रमशाळेतल्या मुलांना याहूनही जास्त वाट पाहावी लागणार, हे सातपुड्यातले रस्ते पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. जी चूक शहरात एका संध्याकाळी भरून निघते, तीच इथे मुदतीचा मोठा घास घेते; आणि मग मुले चुकायलाच घाबरू लागतात. मला सर्वात जास्त खंत वाटते ती याची. यंत्र जळेल म्हणून जोडणी करून न पाहणारा विद्यार्थी घडवायला आपण प्रयोगशाळा काढलेल्या नाहीत.

यंत्र जुळवणे म्हणजे काम संपणे, असा बाहेरच्या माणसाचा समज असतो. खरे काम नंतर सुरू होते. आमच्या नववीच्या एका मुलीने काळ्या रेषेवरून चालणारी गाडी केली होती. प्लायवूडचा तुकडा, बॅटरीवर चालणाऱ्या दोन स्वस्त पिवळ्या बीओ मोटर, पुढे गोळीचे चाक, खाली रेषा ओळखणारा आयआर, म्हणजे इन्फ्रारेड सेन्सर आणि वर प्रोग्रॅम चालवणारा अर्डुइनो बोर्ड. जोडणी निर्दोष होती. गाडी जमिनीवर ठेवली आणि ती डावीकडे ओढ घेऊ लागली. "मॅडम, चाक तं फिरस, पन गाडी सरय जात नही," ती म्हणाली. एकाच दुकानातून, एकाच पुडक्यातून आलेल्या दोन स्वस्त मोटर सारखाच व्होल्टेज देऊनही सारख्या वेगाने फिरत नाहीत, हे तिला कोणी सांगितले नव्हते आणि मीही लगेच सांगितले नाही. तिने खडूने चाकांवर खूण केली, गाडी उचलून धरली आणि मैत्रिणीच्या मदतीने दोन्ही चाकांचे फेरे मोजले. मग प्रोग्रॅममध्ये डाव्या-उजव्या मोटरला वेगवेगळे आकडे दिले. गाडी सरळ चालू लागली. दुसऱ्या दिवशी बॅटरी उतरल्यावर तेच आकडे पुन्हा चुकीचे ठरले. त्यानंतर दुपारी खिडकीतून ऊन आत आले आणि सेन्सरला काळे-पांढरे ओळखू येईना, कारण उन्हात इन्फ्रारेड किरणेही असतात आणि सेन्सर त्यांनाच फसतो. तेव्हा तिने काळ्या कार्डशीटची झालर कापून सेन्सरभोवती चिकटवली. त्या गाडीतला सगळ्यात मोलाचा भाग कोणता, असे कोणी विचारले, तर मी ती झालर दाखवीन.

हे सगळे जुळणीनंतरच्या दिवसांत घडले. मुदत कमी पडली की पहिल्यांदा बळी जातो तो याच दिवसांचा. साहित्य उशिरा आलेला संघ धावतपळत यंत्र जुळवतो, ते हलते एवढे पाहतो आणि स्पर्धेला जातो. तिथे सभागृहातल्या प्रखर दिव्यांखाली ते भरकटते आणि परीक्षकांना वाटते की या मुलांना नीट येत नाही. त्यांना येत असते. करून पाहायला दिवस मिळालेले नसतात. अमेरिकेतल्या श्रीमंत संघांनी दुसरे यंत्र बनवून जे विकत घेतले, तेही हेच होते, करून पाहण्याचे दिवस.

आमच्या भागातल्या एका स्पर्धेत असेच घडलेले मी पाहिले आहे. आयोजकांचे नाव घेण्याची गरज नाही; त्यांचा हेतू चांगलाच होता. सर्व शाळांना सारखा संच पाठवायचा आणि त्यातच यंत्र बनवायला लावायचे, ही त्यांची कल्पना मला मनापासून आवडली होती, कारण त्यामुळे पालकांच्या खिशाचा प्रश्न उरत नव्हता. जिल्ह्याच्या ठिकाणच्या शाळांना संच लगेच मिळाले. आमचा संच कुरिअरच्या कार्यालयात अडकून पडला, कारण आमच्या गावी त्यांची गाडी रोज येत नव्हती. आणि हाती आला तेव्हा निम्मी मुदत सरलेली होती. मुदत वाढवून द्यावी म्हणून विनंती केली, तर नियम सर्वांना सारखा आहे, एकासाठी बदलता येणार नाही, असे उत्तर आले. उत्तर देणारे गृहस्थ अतिशय सौजन्याने बोलले आणि आपण न्यायाने वागत आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. ती समजूतच तपासून पाहायला हवी असे मला वाटते, म्हणून हे लिहिते आहे.

साहित्य सारखे, पण ते मिळण्याचा दिवस वेगळा, याचे जगभर गाजलेले उदाहरण २०१७ चे आहे. त्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये फर्स्ट ग्लोबल चॅलेंज ही स्पर्धा पहिल्यांदा भरली. प्रत्येक देशाचा एकच संघ आणि सर्वांना एकसारखा संच, हे तिचे तत्त्व. अफगाणिस्तानातून हेरात शहरातल्या शाळकरी मुलींचा संघ जाणार होता. त्यांना अमेरिकेचा व्हिसा दोनदा नाकारला गेला आणि शेवटच्या घटकेला प्रवेश मिळाला, ही बातमी सर्वत्र छापून आली. पण त्या बातमीच्या पोटात आणखी एक गोष्ट होती. इतर देशांचे संघ वसंत ऋतूतच कामाला लागले होते, तेव्हा या मुलींचा संच सुरक्षेच्या शंकेपायी कस्टममध्ये अडकून पडला होता. तो हातात आल्यावर त्यांना तयारीला अगदी थोडे दिवस मिळाले. तरीही त्यांचे यंत्र मैदानात उतरले आणि धैर्यासाठी त्यांना रौप्यपदक देण्यात आले. त्या पदकाचा मला आदरच आहे. पण धैर्याचे पदक देण्याऐवजी इतरांइतकेच आठवडे त्यांना देता आले असते, तर त्या मुलींची अभियांत्रिकी किती पुढची आहे हे जगाला दिसले असते. व्हिसाची चर्चा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेली, आणि आठवड्यांकडे कोणाचे लक्षच गेले नाही.

आता कालमर्यादा हवीच असे मी सुरुवातीला का म्हणाले, तेही सांगायला हवे. मुदत फार लांब असली की मोठ्या माणसांचे हात यंत्रात शिरतात. हा अनुभव आमच्याकडे कोणत्याही शिक्षकाला आहे. विज्ञान प्रदर्शनात चौथीतल्या मुलाने मांडलेली सुबक प्रतिकृती कोणत्या काकांनी बनवली आहे, हे सर्वांना ठाऊक असते. रोबोटिक्समध्ये आता काकांच्या जागी क्लास आले आहेत. महिनोन्‌महिने मिळाले की यंत्र क्लासवाले बनवतात आणि मुलाला फक्त ते चालवायचे आणि परीक्षकांसमोर बोलायचे शिकवतात. यावर मला माहीत असलेला सर्वात चांगला उपाय वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडने अनेक वर्षे वापरला. ही स्पर्धा २००४ पासून भरते आणि २०१६ ची तिची आंतरराष्ट्रीय अंतिम फेरी आपल्याकडे दिल्लीच्या परिसरात झाली होती. तिथे मुलांनी यंत्राचे सुटे भाग घेऊन यायचे, स्पर्धेच्या दिवशी ठरलेल्या वेळात, चित्र किंवा सूचनांचा कागद न पाहता, यंत्र नव्याने जुळवायचे आणि प्रशिक्षकाने कठड्याबाहेर थांबायचे. शिवाय त्याच सकाळी एक अनपेक्षित नियम जाहीर व्हायचा, जेणेकरून पाठ करून आलेले उत्तर पुरे पडणार नाही. ज्याने यंत्र स्वतः घडवले आहे, त्याला ते मोडून पुन्हा जोडण्याची भीती वाटत नाही.

या पद्धतीनेही विषमता संपत नाही, हे मान्य करावे लागेल. तिथे बराच काळ लेगोचेच संच वापरावे लागत आणि त्यांची किंमत दहा हजारांच्या पटीत जाते. ज्याच्या घरी संच आहे, तो ती जुळणी डोळे मिटून करता येईपर्यंत सराव करतो. काम मुलांनी स्वतः केले का, एवढे समोरासमोरच्या जुळणीतून कळते. तयारीला कोणाला किती दिवस मिळाले, हे त्यातून कळत नाही. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत आणि आयोजक बहुतेक वेळा पहिल्याचे उत्तर देऊन दुसरा सुटला असे समजतात.

प्रयोगशाळेतल्या प्रत्येक तासाची नोंदवही ठेवावी आणि सर्वांना सारखे तास द्यावेत, असेही काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. तशी वही भरायला शिक्षकाकडे वेळ नाही, ती तपासायला आयोजकांकडे माणसे नाहीत; आणि घरी रात्री जेवताना गाडीचा विचार करणाऱ्या मुलीचा तास कोण मोजणार, आणि का मोजावा? मोजायचे तर जे सहज मोजता येते तेच मोजावे. संच पोहोचल्याच्या पावतीवर तारीख असते. शाळेने ती पावती पाठवावी आणि मुदत तिथून धरावी.

यावर आयोजकांची एक अडचण खरी आहे. सभागृह एकाच दिवसासाठी घेतलेले असते, परीक्षक त्याच दिवशी येणार असतात. मग प्रत्येक शाळेची मुदत वेगळ्या दिवशी संपली तर स्पर्धा भरवायची कशी? पण यातून वाट निघते. लांबच्या शाळांचे संच आधी पाठवावेत: धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याला पहिल्या आठवड्यात, चोपडा, यावल, शिरपूरला दुसऱ्या, आणि जळगाव-धुळे शहरांना सर्वात शेवटी. सर्व संच पोहोचल्याची खात्री झाल्यावरच खेळ जाहीर करावा, म्हणजे आधी मिळालेल्या संचाचा गैरफायदा कोणाला घेता येणार नाही. संचात मोटर ड्रायव्हर आणि सेन्सर प्रत्येकी एक-दोन जास्तीचे ठेवावेत. एका जळलेल्या पट्टीपायी खेड्यातल्या शाळेचा जो आठवडा जातो, त्याच्या तुलनेत हा खर्च काहीच नाही. एवढे करूनही एखाद्या शाळेचा संच वाटेत खराब झालाच, तर स्पर्धेच्या आदल्या दिवशी सभागृहात त्या मुलांना बसायला जागा, टेबल आणि काही तास द्यावेत. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या त्याच स्पर्धेत पिशवीचा नियम होता, तेव्हा जिल्हा पातळीवर खेळणाऱ्या संघांना स्पर्धेपूर्वी सील उघडून यंत्रावर काम करायला सहा तास मिळत, कारण जिल्हा पातळीवरची स्पर्धा कमी दिवसांत उरकावी लागे आणि तिथे तयारीला वेळ उरत नसे. आम्हाला आदल्या दुपारी तेवढे सहा तास मिळाले, तर मुले पहाटेच्या गाडीऐवजी आदल्या सकाळच्या गाडीने येतील. त्यांच्या मुक्कामाची सोय शाळा करील. या वर्षीच्या आयोजकांना मी हे सर्व कळवले आहे आणि सोबत गेल्या खेपेच्या कुरिअर पावतीची प्रत जोडली आहे.